सांगितलेली हकीकत आणि खालची सही

सांगणाऱ्याच्या शब्दांखाली त्याची खूण घेण्याची चाल मुलाखतीच्या कितीतरी आधी न्यायनिवाड्यात रुळली. मराठेशाहीतील महजरांवर, म्हणजे निवाडपत्रांवर, हजर असलेल्यांच्या साक्षी पडत. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, वाणी तराजूची. पुढे इंग्रजी अमलात अंगठा आला. पोलिसांपुढच्या जबानीला मात्र कायद्याने उलटाच नियम लावला: १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२नुसार तिच्यावर सही घ्यायची नाही. २०२३च्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे टिकले. दबावाखालची सही संमती ठरत नाही, हे त्यामागचे शहाणपण मुलाखतकारांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अभ्यासक आले ते सहीची फिकीर न करता. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या मराठी खंडात (१९०५) बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीबरोबर काही ठिकाणी कोर्टातल्या जबान्याही नमुने म्हणून छापल्या आहेत. निवाड्यासाठी सांगितलेले शब्द व्याकरणाच्या कामी आले. सिंधुदुर्गातल्या बोलीवर अ. मा. घाटगे यांचे ‘कुडाळी’ १९६५मध्ये निघाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत मात्र गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव जपले गेले. परवानगीचा कागद असो वा नसो, श्रेय देण्याची ही रीत कोणत्याही छापील नमुन्यापेक्षा मोलाची ठरली.

निव्वळ मुलाखतीसाठी लेखी सही हवीच, असा सरसकट भारतीय कायदा नाही. प्रताधिकार कायम सोपवायचा असेल तर १९५७च्या कायद्याचे कलम १९ सहीचा लेख मागते. १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांनाही हक्क मिळाले. सिंधुदुर्गातल्या वैभववाडीच्या परिसरात हा मुद्दा मुलाखतीपुरता राहत नाही. दशावतारातले संवाद बहुधा लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावर जुळवतो. म्हणून मुलाखतीत त्याने म्हणून दाखवलेला प्रवेश ही केवळ माहिती नव्हे, त्याचे सादरीकरण आहे. आठवणी छापणे वेगळे आणि तो प्रवेश विकायला काढणे वेगळे. आरोग्य संशोधनात नियम आणखी कडक आहेत: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निरक्षर व्यक्तीची संमती निःपक्षपाती साक्षीदारासमोर, अंगठा घेऊन नोंदवतात.

करूळ घाटाच्या पायथ्याच्या वैभववाडी तालुक्यातली अनेक घरे मुंबईच्या कमाईवर चालतात. म्हाताऱ्या आजीने मोबाइलसमोर दिलेला होकार ध्वनिमुद्रणात राहिला, तर मुंबईच्या नातवाला पुढे तो ऐकता येतो. कोऱ्या फॉर्मवरच्या अंगठ्यातून तिला काय समजावले होते ते कळत नाही. देवळातल्या गाऱ्हाण्याला तर एकट्याची सही पुरतच नाही. गाऱ्हाणे घालतो एक, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो सारा गाव. तिथे मानकऱ्यांना आणि जमलेल्या गावाला आधी विचारणेच रास्त.