जिवंत दगडाची गोष्ट

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईतल्या ज्या मोजक्या घरांत खाऱ्या पाण्याची माशांची टाकी असे, त्या टाकीत एक वस्तू हमखास दिसायची. पांढरंशुभ्र प्रवाळ. फांद्या फुटलेलं, नाहीतर वळ्यावळ्यांचं गोल. त्यावर शेवाळ धरलं की ते बाहेर काढायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, खळखळून धुऊन उन्हात वाळवायचं आणि पुन्हा टाकीत मांडायचं. डोंबिवलीच्या माझ्या घरातही तेच चालायचं. तो एका मेलेल्या जिवाचा सांगाडा आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो जीव जिवंतपणी घरात सांभाळता येईल, हा विषय मात्र कोणाच्या बोलण्यात कधी आला नाही.

पुढे बदलीमुळे टाकी मोडली. आता निवृत्तीनंतर पुन्हा मांडली आहे आणि या वेळी ती प्रवाळांचीच आहे. छंदातली मंडळी तिला रीफ टँक म्हणतात. मांडण्याआधी जुनं-नवं पुष्कळ वाचून काढलं. आम्ही जे अशक्य धरून चाललो होतो, ते एका बाईनं एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये करून दाखवलं होतं. आणि आमच्या टाक्या मांडल्या जाण्याआधी कितीतरी वर्षं जाकार्तातल्या एका माणसानं त्याची सोपी रीत छापून जगाला सांगितली होती. हा छंद सरळ पुढे पुढे आला, असं म्हणताच येत नाही. मध्ये तो बराच काळ मागे गेला होता.

ती बाई म्हणजे ॲना थिन. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की इथं असताना तिला खडकांवर एकेकटी वाढणारी लहान प्रवाळं दिसली. ती तिला लंडनला न्यायची होती. प्रवासात हिसके बसू नयेत म्हणून तिनं सुईदोऱ्यानं ती एका मोठ्या स्पंजाला टाचली आणि खाऱ्या पाण्याच्या बरणीत ठेवून घरी आणली. तिथं काचेच्या वाडग्यांत त्यांची सोय लावली. पण समुद्र लांब आणि पाणी दिवसाआड बदलायला हवं. सोबत आणलेला साठा पुरणार नाही असं दिसल्यावर तिनं तेच पाणी पुन्हा वापरण्याची युक्ती काढली. घरात कामाला असलेली मुलगी उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. पाण्यात हवा मिसळायची ती अशी. आज आपण जो एअर पंप विकत घेतो, त्याचं काम त्या मुलीचे हात करत होते.

पुढच्या वर्षी ॲना थिननं किनाऱ्यावरून जिवंत समुद्रशेवाळं मागवून त्याच भांड्यांत सोडली. शेवाळानं प्राणवायू द्यायचा, प्राण्यांनी सोडलेलं शेवाळानं वापरायचं. असा मेळ बसवून तिनं समुद्रापासून दूर प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगवली. स्वतःच्या कामाची हकिकत तिनं छापली १८५९ साली. तोवर श्रेय वाटून झालं होतं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं १८५० साली गोड्या पाण्यातला वनस्पती-प्राण्यांचा समतोल मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडला या छंदाचं वेड लागलं. समुद्राचं पाणी मिळत नसेल त्यांच्यासाठी कोणते क्षार किती घालायचे, याची कृतीही गॉस यांनीच दिली. आज मी दर लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं जे मीठ कालवतो, त्या मिठाचा हा मूळपुरुष.

त्या वेडाचं मोल किनाऱ्यानं दिलं. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली वडिलांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात लहानपणी पाहिलेली खडकांमधली भरली डबकी वडिलांच्याच पुस्तकांमुळे सुटलेल्या संग्राहकांच्या झुंडींनी कशी ओरबाडून नेली, ते लिहिलं आहे. या छंदाच्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा मी यालाच मानतो. टाकीत समुद्र आणायच्या हौसेपायी खरा समुद्र ओका होऊ शकतो, हे इतक्या लवकर, आणि तेही घरच्याच माणसानं लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचं रूप पालटलं. विमानवाहतूक आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, त्यामुळे उष्ण समुद्रांतले रंगीत मासे युरोप-अमेरिकेत जिवंत पोचू लागले. आपल्याकडे १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी खाऱ्या पाण्यातले मासे काचेआड पहिल्यांदा पाहिले ते तिथंच. सगळ्यांचं लक्ष माशांवर होतं. मासा दिसावा म्हणून टाकी आणि मासा उठून दिसावा म्हणून मागं पांढरं प्रवाळ. पाणी साफ ठेवायला तळाच्या खडीखाली जाळी घालून तिच्यातून पाणी खेचायची पद्धत आली. खडीवर वाढणारे जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. गाडी तिथंच अडते. नायट्रेट साचत जातं. मासे ते बरंच सोसतात, प्रवाळं सोसत नाहीत. शिवाय बहुतेक टाक्यांवर साधी ट्यूबलाइट. रीफवरच्या, म्हणजे प्रवाळभित्तिकेवरच्या, प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला पोसतं. उजेड नाही म्हणजे उपासमार. अशा टाकीत प्रवाळ जगणार कसं?

आमच्याकडे मीठही सहज मिळत नसे. माझ्या टाकीचं पाणी रत्नागिरीहून, मिऱ्याच्या बाजूनं, वीस लिटरच्या कॅनमधून एसटीच्या टपावरून येई. ते भरायचं दिवाळीनंतर, समुद्र निवळला की. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी मिसळलेलं असतं, ते चालत नाही. त्याच किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खडकांवर प्रवाळांच्याच गोतातल्या मऊ पॉलिपांचे हिरवे-तपकिरी गालिचे उघडे पडलेले मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पाणी तिथून येत होतं, पण प्रवाळ म्हटलं की डोळ्यांपुढे दुकानातला पांढरा सांगाडाच येई.

जाकार्तातले ली चिन एंग यांनी मात्र दारच्या समुद्राकडे नीट पाहिलं. १९६१ साली एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली रीत लिहिली. रीफवरून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले दगड धुवायचे-उकळायचे नाहीत, जसेच्या तसे टाकीत ठेवायचे. समुद्राचं पाणी, भरपूर सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडे बुडबुडे. बाकी यंत्र नाही. अशा टाक्यांत त्यांची प्रवाळं आणि समुद्रफुलं जगली. कारण त्या दगडातच आहे. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर अमोनिया खाणारे जिवाणू असतात, आणि आत खोलवर, जिथं प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथं नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देणारे दुसरे जिवाणू असतात. खडीखालच्या जाळीला जे जमलं नाही, ते हा दगड आपोआप करतो.

अमेरिकेत आणि युरोपात बहुतेकांनी हे वाचून सोडून दिलं. त्याला व्यवहाराची कारणंही होती. रीफपासून हजारो मैलांवरच्या माणसापर्यंत दगड येईस्तोवर त्यावरचं अर्धं जग मेलेलं असे, आणि ते कुजून टाकी बिघडे. तरीही मला वाटतं, उष्ण प्रदेशातल्या, यंत्रं न विकणाऱ्या माणसाचं म्हणणं कमी मोलाचं धरलं गेलं. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत बर्लिनच्या हौशी लोकांनी हाच दगड घेऊन त्याला तीन गोष्टींची जोड दिली. एक, बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण कुजण्याआधीच बाहेर काढणारा स्किमर. दोन, मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे. आणि तीन, प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम मिळावं म्हणून चुन्याची निवळी. पेटर विल्केन्स यांनी या निवळीचा प्रसार केला. बर्लिनचे डीट्रिख श्ट्यूबर यांनी फांद्यांचं प्रवाळ आपल्या टाकीत वाढवून त्याचे तुकडे इतरांना वाटले. तुकडा तोडायचा, दगडाला चिकटवायचा, वाढवायचा आणि पुन्हा तोडून पुढे द्यायचा, ही प्रथा तिथून पसरली. या सगळ्याला नाव मिळालं बर्लिन पद्धत. बर्लिनकरांचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाया ली चिन एंग यांचा आहे, आणि नाव द्यायचंच तर जाकार्ताचं द्यायला हवं होतं.

याच काळात, सत्तरीच्या सुरुवातीला, फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाऊन मासे विक्रीसाठी टाकीतच वाढवून दाखवले. हा मासा दगडाला अंडी चिकटवतो आणि नर ती राखतो. आठवड्याभरानं रात्रीच्या अंधारात पिल्लं बाहेर पडतात. ती इतकी बारीक असतात की त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढवून खायला घालावे लागतात. तिकडे फिलिपिन्सच्या रीफवर मासे धुंद करून पकडण्यासाठी सायनाइड फवारलं जात होतं. त्यानं मासे पुढे मरत आणि प्रवाळ जागच्या जागी मरे. त्याला खरा पर्याय दिला तो मो यांच्या कामानं. आपल्याकडेही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊन माशांची पैदास यशस्वी केली आहे.

आमची ती पांढरी प्रवाळं आता दुकानात मांडता येत नाहीत, हे फार चांगलं झालं. २००१ साली दगडी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. वाघही त्याच अनुसूचीत आहे. आपल्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा, मेलेलाही, उचलणं हा गुन्हा आहे. काही जुने छंदिष्ट यावर कुरकुरतात. मला ती कुरकुर पटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्यात आहेत, तरी नांगर आणि पर्यटकांचे पाय त्यांना चुकलेले नाहीत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथली मोठी प्रवाळभित्तिका बहुतेक मराठी माणसांनी ऐकलेलीही नाही. खुद्द मुंबईत, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये त्यांच्या अठरा वसाहती काढून दुसरीकडे लावाव्या लागल्या. या सगळ्यातलं काहीच टाकीसाठी नाही.

म्हणून मी कोरडा, समुद्रातून न आणलेला दगड घेतला. त्यात जीव नव्हता. बाटलीतले जिवाणू घातले आणि अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत टाकी रिकामी चालू ठेवली. मग तपकिरी शेवाळ आलं, ओसरलं, दगडावर जांभळट ठिपके उमटू लागले. ली यांना जो दगड आयता मिळाला, तो इथं घरात जिवंत करावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. दोनशे लिटरला सात किलो मीठ. नळाचं पाणी आरओतून काढलेलं. डोंबिवलीच्या मे महिन्यात पाणी तापतं, म्हणून पृष्ठभागावर पंखे सोडतो. त्यानं दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी आटतं. आटलेल्या गोड्या पाण्याच्या जागी रात्री थेंब थेंब चुन्याची निवळी. रात्री उजेड नसल्यानं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढून सामू उतरतो, तोही निवळीमुळे सावरतो. टाकीत क्लाऊनची जोडी आहे, तीही हॅचरीतली. प्रवाळं मऊ जातीची, दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेल्या तुकड्यांची, ज्यांची कागदपत्रं पाहता आली तेवढीच.

कोणाला अशी टाकी मांडायची असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे. दुकानात गेल्यावर किमतीआधी हा जीव कुठे जन्मला ते विचारा. उत्तर मिळालं नाही, किंवा समुद्रातून काढलेला आहे असं कळलं, तर तो तिथंच ठेवून घरी या.