हरणाची कबर आणि एक मोतद्दार

मोगल बादशहांच्या शिकारीतल्या रहमदिलीचे दाखले आम्ही मोठ्या अभिमानाने देतो. 1578 मध्ये भेऱ्याजवळ अकबराने घेरून आणलेली सगळी जनावरे सोडून दिली. जहांगीरचे मनसराज हे लाडके हरीण मेले, तेव्हा लाहोरजवळ, आजच्या शेखूपुऱ्यात, त्याच्या कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसला. 1607 चा मजकूर असा : या रानातले हरीण कोणी मारू नये, त्याचे मांस हिंदूंना गाईसारखे, मुसलमानांना डुकरासारखे. दोघांच्याही मनाची किती नेमकी जाण!

‘तुझुके जहांगिरी’तले आणखी एक पान मात्र आम्ही चटकन उलटतो. 1610 च्या सुमाराची गोष्ट. नीलगाय बंदुकीच्या टप्प्यात आली होती. इतक्यात एक मोतद्दार आणि दोन भोई समोर आले, नीलगाय पळाली. बादशहाने मोतद्दाराला जागीच ठार करविले. भोयांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांची गाढवावरून छावणीभर धिंड काढविली. हे त्यानेच लिहिले आहे, लपवाछपवी नाही. हरणाचे नाव लिहिले, या तिघांचे नाही. वाटेवर येण्यापलीकडे त्यांचा गुन्हा तरी काय?

त्यानंतर बादशहा घोड्यावर बसला आणि बाज-बहिरी घेऊन पुन्हा शिकारीला लागला.