कांदळवन : भरती-ओहोटीच्या रेषेवरचे अरण्य

अबुधाबीच्या जुबैल बेटावर लाकडी मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्यात जी हिरवी झाडे उभी दिसतात, ती कोकणातील माणसाला परकी नाहीत. 'अ‍ॅव्हिसेनिया मरिना' ही त्यांची जात. कोकणात तिला तिवर म्हणतात. अरबीत या झाडाला 'कुर्म' असे नाव असून मस्कतमधील कुरुम हा भाग त्याच नावाने ओळखला जातो. भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात वाढणाऱ्या अशा वृक्षसमूहाला मराठीत कांदळवन किंवा खारफुटी म्हणतात.

रचना

खारट पाणी आणि प्राणवायूविरहित चिखल या दोन्ही गोष्टी सामान्य झाडाला मारक ठरतात. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते आणि मुळांना हवा मिळावी म्हणून चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढते. कांदळ आधारमुळांच्या कमानींवर उभा राहतो; त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि रोप होऊन खाली पडते. आखाती किनाऱ्यावरील तीव्र क्षारता आणि हिवाळ्यातील थंडी यांमुळे तेथे मुख्यत्वे तिवरच टिकते. महाराष्ट्राच्या खाड्यांत मात्र तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी अशा अनेक जाती एकत्र नांदतात.

माणसाचे अवलंबित्व

मुळांच्या या जाळ्यात कोळंबी, चिंबोऱ्या आणि अनेक माशांची पिल्ले सुरक्षित वाढतात. कोळीवाड्यांतील खाडीच्या मासेमारीचा पाया येथेच आहे. मुळांत गाळ अडकतो, लाटांचा जोर ओसरतो आणि किनाऱ्याची धूप मंदावते. प्राणवायूअभावी चिखलातील पालापाचोळा सावकाश कुजतो, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर कार्बन जमिनीतच साठून राहतो. हे वन तोडून चिखल उघडा पडला की तोच कार्बन पुन्हा वातावरणात मिसळू लागतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता. पण भराव आणि बांधकामांमुळे मिठी नदीचे पात्र अरुंद झाले होते, खाडीकाठचे कांदळवन बुजवले गेले होते आणि त्यात भरतीची भर पडली. पाण्याला पसरण्यासाठी निसर्गाने राखलेली जागा आपण आधीच वापरून टाकली होती.

संरक्षण

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीस अंतरिम मनाई केली. सप्टेंबर २०१८ मधील अंतिम निकालाने हे संरक्षण राज्यभर कायम केले आणि कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात मानला. जमिनीची मालकी कोणाचीही असो, ही मनाई लागू आहे. वनालगतचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते.

भरपाईची मर्यादा

सार्वजनिक प्रकल्पांसाठी न्यायालयाच्या परवानगीने तोड होऊ शकते. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडे तोडण्यास अनुमती मिळाली. अशा वेळी पर्यायी लागवडीची अट असते. परंतु रोपांची संख्या मोजणे सोपे आणि वन उभे करणे कठीण. भरतीची पातळी, गाळ आणि गोड्या पाण्याचा प्रवाह जुळले नाहीत तर रोपे तगत नाहीत. पक्ष्यांचे खाद्यस्थान असलेल्या मोकळ्या दलदलीत लागवड केली, तर एक अधिवास वाचवण्यासाठी दुसरा गमावला जातो. संयुक्त अरब अमिरातीनेही २०३० पर्यंत १० कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला आहे. त्याचे मोलही लावलेल्या रोपांपेक्षा जगलेल्या झाडांवरूनच ठरेल.

परदेशस्थ मराठी वाचकाशी संबंध

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. नवी मुंबई, ठाणे वा वसई परिसरात घर घेणाऱ्यांत आणि कोकणात वडिलोपार्जित खाजण जमीन असणाऱ्यांत अनिवासी मराठी माणसे पुष्कळ आहेत. 'खाडीचे दृश्य' असे जाहिरातीत वाचले की तो भूखंड किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात कोठे येतो, तेथे पूर्वी भराव झाला आहे काय, हे खरेदीपूर्वी तपासावे. गावच्या खाजणातील तिवरे सरपणासाठी किंवा कुंपण सरकवण्यासाठी तोडली जात असतील, तर सातबाऱ्यावर आपले नाव असल्याने ती तोड कायदेशीर ठरत नाही. वेंगुर्ल्यात बचत गटातील महिला होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवून उत्पन्न मिळवत आहेत. उभे वनही घरखर्चाला हातभार लावू शकते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. सुट्टीत गावी गेल्यावर ओहोटीच्या वेळी खाडीकाठी एकदा जावे आणि आपल्या जमिनीच्या हद्दीवर काय उभे आहे, ते पाहून यावे.