समुद्रविन्मुख आम्ही?

हिंगोलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांत नौकानयनाचा विषय काढला, कीं श्रोते हंसतात. आम्हांस मात्र हें हंसूं इतिहासास धरून वाटत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ पाहावा. हिंदुस्थानास येणाऱ्यानें जुलैच्या सुमारास निघावें, अमुक ठिकाणीं उथळ पाणी, तमुक ठिकाणीं चांचे, असा सफरीचा सारा बेत त्यांत आहे. भडोचच्या खाडीचें मुख इतकें बिकट, कीं राजाचे कोळी होड्या घेऊन सामोरे जात आणि परकीं गलबतें ओढून आंत आणीत.

त्या गलबतांतून भूमध्यसमुद्राकडील मद्य व पोंवळीं उतरत. परतीस पैठणचे अकीक व तेरचें सुती कापड चढे. हा माल रस्ते नसलेल्या मुलुखांतून गाड्यांनीं भडोचेस जाई. एकटें पैठणच तेथून वीस दिवसांच्या वाटेवर. इ. स. 79 मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगरांत 1938 सालीं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तशाच घडणीच्या मूर्ति तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत.

तेव्हां सफरीचा बेत केवळ नाखवा आखतो, हा समज अपुरा होय. मराठवाड्याच्या गाडीवानानें समुद्र पाहिला नसेल. परंतु बैल जुंपतांना त्यास वाऱ्याचा हंगाम पाळावाच लागे.