खांदेरी कोणी शोधलं?

बेट कोणी शोधलं, असं विचारलं की आपण ते आधी पाहणाऱ्याचं नाव सांगतो. आर्क्टिकमधल्या निर्जन अस्वल बेटाचं श्रेय डच दर्यावर्दी विलेम बारेंट्सच्या मोहिमेला मिळतं. साल १५९६. वाटेत पांढरं अस्वल भेटलं, म्हणून ते नाव पडलं.

आपल्या खांदेरीचं काय? परभणीत गोदावरी आहे, समुद्र नाही. त्यामुळे हा ठिपका आपल्याला नकाशातच शोधावा लागतो. अलिबागजवळ, थळच्या किनाऱ्यासमोर, दोन टेकड्यांचं छोटं बेट. कोळ्यांना ते नवं नव्हतं. पण वस्ती नव्हती.

ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी माणसं घेऊन तिथे उतरले आणि तटबंदी सुरू झाली. इंग्रज हादरले, कारण मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवता येते. त्यांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी लढाई झाली. इंग्रजांची मोठी जहाजं तोफांत भारी होती. पण रात्री उथळ पाण्यातून रसद नेणाऱ्या छोट्या होड्या त्यांना अडवता आल्या नाहीत. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचं उंदेरी घेतलं, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिलं.

१८६७ पासून तिथे दीपगृह आहे. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आला.

खांदेरी आधी पाहणाऱ्या कोळ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. भर पावसाळ्यात तिथे उतरून दगड रचणाऱ्याचं मात्र राहिलं.