पालकांची सही

मराठी शाळेच्या प्रगतिपुस्तकात तळाशी एक रिकामी ओळ असते : ‘पालकांची सही’. यातला ‘पालक’ हा शब्द दुसऱ्या भाषेत नेताना माझी दर वेळी पंचाईत होते. हिंदीत तो थेट भाजीच्या जुडीत जाऊन बसतो. तिथे ‘अभिभावक’ म्हणावं लागतं, बंगालीतही तसंच. मी राहते त्या वडोदऱ्यात शाळेकडून ‘वाली’ मीटिंगचा निरोप येतो. तो शब्द अरबीतून आलेला. कन्नड शाळांत ‘पोषक’ म्हणतात. तमिळमध्ये ‘पेट्रोर’, म्हणजे ज्यांनी जन्म दिला ते. मराठी ‘पालक’ जन्माबद्दल काहीच बोलत नाही. जो पाळतो तो पालक. तो बाप असेल, भाऊ असेल, सासरा असेल.

एकोणिसाव्या शतकातल्या मुलींच्या शाळांविषयीचा मजकूर मी भाषांतराच्या निमित्ताने वाचू लागले, तेव्हा या शब्दाची ही सैल वीण पहिल्यांदा नीट लक्षात आली. मुलीला शाळेत घालणारा आणि शाळेतून काढणारा माणूस तिचा बापच असेल असं तिथे धरून चालता येत नव्हतं. आणि या शाळांचं भवितव्य शेवटी त्या माणसाच्या हातात होतं. संस्थापकांची चरित्रं आपण वाचतो, विरोधकांचे अग्रलेख वाचतो. पण शाळा भरली की ओस पडली हे ठरवणारा हा तिसरा पक्ष इतिहासात बहुधा एका आकड्यापुरता येतो.

सुरुवातीला शाळा आणि घर यांच्यामध्ये वर्तमानपत्र नव्हतं, जिना होता. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि पुढच्या वर्षी मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा सुरू केल्या. शिकवणारे तरुण बिनपगारी होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या आवारात जागा दिली. पण मुली आणायच्या कुठून? दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती घरोघर फिरले. एका गृहस्थाने, मुलींना शिकवण्याची गोष्ट काढता म्हणून, जिन्यावरून खाली ढकलून देण्याची तयारी दाखवल्याची आठवण दादाभाईंनीच सांगितली आहे. काही घरांनी मात्र ओटी वापरायला दिली : तुम्ही इथे येऊन शिकवा, मुली बाहेर पडणार नाहीत. हाही पालकांचा सहभागच. शाळाच घरात आली म्हणजे तिच्यावर नजर ठेवता येते.

पुण्यात १८४८ मध्ये भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी गोविंदरावांनी, म्हणजे जोतीरावांच्या वडिलांनी, समाजाच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. मुलींच्या शाळेला झालेला पालकांचा विरोध पहिल्यांदा संस्थापकांच्याच उंबऱ्यावर आला तो असा.

पुढच्या तीन-चार दशकांत चित्र पालटलं. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर उभं राहिलं म्हणून लोक त्याला ‘हुजूरपागा’ म्हणू लागले. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित ही त्यामागची माणसं. पण आता शाळेची बातमी जिन्याने येत नव्हती, छापून येत होती. १८८७ मध्ये ‘मराठा’ या टिळकांच्या इंग्रजी पत्राने या शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर हल्ला चढवला. अकरा ते पाच ही वेळ मुलींना घरकामापासून तोडते, सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास पुरे, असा सूर होता. शाळा आपल्या दाराशी येऊन काही विचारील ही अपेक्षा संपली होती. आता पालकाने काय विचारावं हेही वर्तमानपत्र सांगत होतं.

या सगळ्या काळात माझं मन पुन्हा पुन्हा जाऊन थांबतं ते शारदा सदनापाशी.

पंडिता रमाबाईंनी हे सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, चौपाटीजवळ उघडलं. सरकारचा पैसा त्यात नव्हता, इथल्या कोणा संस्थानिकाचाही नव्हता. बॉस्टनमध्ये १८८७ मध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली होती. तिने दहा वर्षं खर्च उचलण्याचं कबूल केलं होतं. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या, पण सदन कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही असं ठरलं होतं. मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. इथल्या सल्लागारांत रानडे होते, भांडारकर होते. त्यांची नावं पाहूनच अनेक घरांनी आपल्या लेकी-सुना, मुख्यतः बालविधवा, तिथे पाठवल्या.

पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. बालपणीच लग्न झालं आणि बालपणीच वैधव्य आलं. तिला सदनात नेलं ते तिच्या भावाने, नरहरपंत जोशी यांनी. इथे ‘पालक’ म्हणजे तो. इंग्रजीतले ‘पेरेंट’ आणि ‘गार्डियन’ हे दोन्ही शब्द मी मराठीत एकाच शब्दाने भागवते, तेव्हा हा भाऊ त्या शब्दात दिसेनासा होतो, हे मला टोचत राहतं.

सदन सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच ‘केसरी’ने एक बातमी पुढे आणली. ती मुळात न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात आलेली. सदनातल्या सात विधवांपैकी दोघींना ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटू लागली आहे, असा तिचा आशय. मी भाषांतर करते म्हणून असेल, पण या बातमीच्या प्रवासाचं मला फार नवल वाटतं. अमेरिकेत ती आशेची बातमी होती; वाचणारा धर्मनिष्ठ वाचक ती वाचून हात सैल सोडील अशी. पुण्या-मुंबईत तीच बातमी भीतीची झाली. एकही शब्द चुकीचा भाषांतरित न होता वाक्याचा अर्थ उलटा झाला, कारण वाचणारा बदलला होता.

मुलींच्या स्वतंत्र शाळेची सगळी अडचण मला इथे दिसते. सरकारचा आधार नको, जुन्या सत्तेचाही नको, तर शाळेला सतत दोन पत्रं लिहावी लागतात. एक देणगीदाराला, एक घराला. देणगीदाराला सांगायचं की मुली किती बदलल्या. घराला सांगायचं की मुली मुळीच बदललेल्या नाहीत. ही दोन पत्रं एकमेकांच्या हाती लागेपर्यंत सगळं ठीक चालतं.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला आलं, म्हणजे वादाच्या माहेरीच आलं. वाद एका दारावर येऊन अडला. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करत आणि दार लावत नसत. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणाला बोलावत नाही. पण माझ्याच घरात माझं दार मी का लावू? सल्लागारांचं म्हणणं असं, की घरांना आपण शब्द दिला आहे, आणि उघडं दार हे बोलावणंच आहे.

मी या दोन्ही बाजू पुष्कळ वेळा मनात घोळवल्या आहेत. रमाबाईंना खोटं ठरवणं मला जमत नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं. उलट दार लावून घेतलं असतं तर तेच लपवणं झालं असतं. पण सल्लागारांनाही नुसतं भित्रं म्हणता येत नाही. सासरी-माहेरी जिला कोणी मायेने हाक मारली नाही अशी चौदा वर्षांची मुलगी, आणि जिने तिला पहिल्यांदा जवळ घेतलं त्या बाईचं उघडं दार. ही निवड कितपत मोकळी असते? ‘सक्ती नाही’ हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आणि इतरांनी सदनाशी असलेला संबंध तोडत असल्याचं बॉस्टनला कळवलं. लगेच पालकांनी पंचवीसेक मुली काढून घेतल्या. बॉस्टनच्या मंडळींनी रमाबाईंना पाठिंबा दिला, सदन टिकलं, आणि दहा वर्षांची मुदत सरल्यावर रमाबाईंचं काम केडगावच्या मुक्ती सदनात उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून वाढलं. ‘केसरी’लाही आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं असेल. संस्थापक आपल्या वाटेने गेल्या, संपादक आपल्या वाटेने. पंचवीस मुली घरी गेल्या. विधवेसाठी तेव्हा घरी म्हणजे स्वयंपाकघरात. इतिहासाच्या पुस्तकांत त्या आजही या आकड्यानेच येतात.

हे सगळं मी तटस्थपणे लिहू शकत नाही, त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी लेक आठवीत होती. मुलींचीच शाळा, विश्वस्तांनी चालवलेली. तिथल्या एक शिक्षिका शनिवारी शाळा सुटल्यावर दहा-बारा मुलींना घेऊन बसत आणि वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचून तिच्यावर बोलायला लावत. एका संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला, की या तासांना मुलींना घराविरुद्ध भडकवलं जातं. कोणाच्या तरी मुलीने जेवताना वडिलांना उलट प्रश्न विचारला होता. तासाभरात निरोपांचा ढीग पडला. मग पत्र लिहायचं ठरलं, आणि भाषेचं काम असलं की सगळे माझ्याकडे पाहतात. मी मसुदा नीट केला. गुजराती, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत करून दिला. ‘परवानगीशिवाय’ या शब्दाला तिन्ही भाषांत चपखल शब्द सापडला याचा मला, खरं सांगते, आनंदही झाला. खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात शनिवारचे तास बंद झाले. वर्ष संपल्यावर त्या बाई शाळा सोडून गेल्या. आमच्या पत्राला शाळेने उत्तर पाठवलं, त्यात पालकांच्या सहभागाबद्दल आभार मानले होते.

लेक काही दिवस काहीच बोलली नाही. मग एकदा डबा भरताना म्हणाली, “आई, मी पण जायचे त्या तासाला. तू मला विचारलं नाहीस.” मी म्हटलं, “तू तरी कुठे सांगितलंस?” ती म्हणाली, “तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” यावर माझ्याकडे कुठल्याच भाषेत उत्तर नव्हतं.

१८९३ च्या कलहातून धडा घेतलेला माणूस म्हणजे धोंडो केशव कर्वे. गोदूबाईंशी त्यांनी पुनर्विवाह केला तो ११ मार्च १८९३ रोजी, योगायोगाने सदनाच्या चौथ्या वाढदिवशी. त्यापायी मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना बहिष्कृत केलं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला गेला. घरांचा विश्वास हेच भांडवल हे त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणून आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामं त्यांनी वेगळी ठेवली. पुनर्विवाहित बाईचं बिऱ्हाड आश्रमात दिसलं तर कोणी मुली पाठवणार नाही, म्हणून संसार पुण्यात ठेवून ते फर्ग्युसन कॉलेजातलं शिकवणं आटोपून हिंगण्याला चालत जात. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, गावोगाव हिंडून आश्रमासाठी पैसा जमवत आणि बायकांशी बोलत. जुना जिना पुन्हा चढला जाऊ लागला, आणि या वेळी तो एक बाई चढत होती.

हा मार्ग यशस्वी झाला. त्यातूनच पुढे १९१६ चं महिला विद्यापीठ उभं राहिलं. पण त्याचीही किंमत होती. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, आता बाया कर्वे, आपल्याच नवऱ्याच्या आश्रमाबाहेर राहिली. घरांचा विश्वास मिळवायचा तर तिला दिसू द्यायचं नव्हतं.

या सगळ्या पत्रव्यवहारात मुलींचा आवाज अगदीच नाही असं नाही. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा-एक वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तो होता. मुलींच्या शाळेतून आलेली ती बातमीच होती. देणगीदाराला खूश करायला ती लिहिलेली नव्हती आणि पालकाला धीर द्यायलाही नव्हती. शाळेत काय शिकले ते मुलीने स्वतः, स्वतःच्या नावाने सांगितलं होतं. पुढच्या चाळीस वर्षांत इतके अग्रलेख, अहवाल आणि राजीनामे लिहिले गेले. त्यांतल्या कोणाला हा साधा मार्ग आठवला असता तर त्या पंचवीस जणींपैकी काही तरी मागे राहिल्या असत्या, असं मला वाटतं.

यंदा जूनमध्ये शाळेकडून संमतिपत्रक आलं, सहलीचं, नेहमीचंच. ‘वालीनी सही’ असं खाली छापलेलं. मी ते आधी लेकीपुढे ठेवलं. तिने सावकाश वाचलं, एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. तिने तो प्रश्न पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिला. मग मी सही केली.