मिरचीवरचा ‘बोकड्या’ जात का नाही? उत्तर फवाऱ्यात कमी, बियाण्यात जास्त आहे

पाचोऱ्याहून सोयगावमार्गे सिल्लोडकडे निघालं की हिरव्या मिरचीचा पट्टा लागतो. भरीत असो की ठेचा, खान्देशात हिरव्या मिरचीशिवाय पान हलत नाही. पण पिकवणाऱ्याची झोप उडते ती बोकड्यामुळे. कुणी याला चुरडा-मुरडा म्हणतं, कुणी सरळ ‘व्हायरस आला’ म्हणतं.

पानं आक्रसतात, झाड खुजं राहतं, फुलं गळतात. गोंधळ असा की पानं मुरडण्यामागे कारणं वेगवेगळी असतात. फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात, कोळी पडला की खाली. खरा पर्णगुच्छ विषाणू मात्र पांढरी माशी पसरवते आणि एकदा तो झाडात शिरला की त्यावर औषध नाही. फवारणीनं माशी मरते, विषाणू नाही. म्हणून शास्त्रज्ञ बियाण्याकडे वळले.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात भारतात आणली. जगात लागवडीखाली तिच्या पाच प्रजाती आहेत. आपली ज्वाला, संकेश्वरी आणि ढोबळी या सगळ्या एकाच प्रजातीतल्या, तर ईशान्येकडची भूत जोलोकिया दुसऱ्या प्रजातीच्या वळणाची. ढोबळी तिखट का नाही? तिखटपणा घडवणारा एक जनुक तिच्यात बिघडलेला आहे, एवढंच. रोगाचंही असंच असतं. कुठल्या तरी दुर्लक्षित वाणात नेमका उपयोगी बदल दडलेला असतो.

तो शोधणं सोपं नाही. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तीनशेहून अधिक वाणं विषाणूसमोर तपासली. २००६ साली निष्कर्ष आले तेव्हा एकही लक्षण न दिसलेली वाणं होती फक्त तीन.

बरं, असं वाण सापडलं तरी ते बाजारात चालेलच असं नाही. फळ लहान, रंग फिका, उत्पन्न कमी. मग त्याचा चांगल्या वाणाशी संकर करायचा आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा त्या चांगल्या वाणाशी जोडत जायची. पहिल्या संकरात चांगल्या वाणाचा वाटा निम्मा, नंतर ७५ टक्के, मग ८७.५. पाच-सहा फेऱ्यांनी तो ९८-९९ टक्क्यांवर जातो, पण दर फेरीत प्रतिकाराचा जनुक टिकलाय ना, हे तपासावं लागतं. यात वर्षं जातात.

काही जनुक तर आणखी हट्टी. मोझॅक रोगाच्या एका विषाणू-गटाला वाढण्यासाठी मिरचीचंच एक प्रथिन लागतं. ते प्रथिन बदललेलं असेल तर विषाणूचं कुलूप उघडत नाही. पण हा बदल आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी यावा लागतो. एकाकडूनच आला तर विषाणूला दुसरी किल्ली मिळते.

संकरित मिरचीचं बी घरी धरून पुढच्या वर्षी लावलं की फसगत होते, त्याचं कारणही जनुकांचं. पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. काही झाडं तगतात, काही लोळतात, फळंही एकसारखी येत नाहीत. शिवाय मिरचीत परपरागीकरण बरंच होतं. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या मिरचीपासून २०० मीटर अंतर ठेवायला सांगतात. सुधारित सरळ वाणाचं बी धरता येतं, तेही असं अंतर राखूनच.

पाकिटावरचा शब्दही नीट वाचावा. ‘सहनशील’ म्हणजे रोग येईल, पण झाड उत्पन्न देईल. ‘प्रतिकारक’ म्हणजे रोग सहसा लागणार नाही. जुनं पंत सी-१ हे वाण पर्णगुच्छ आणि मोझॅक सहन करणारं म्हणून ओळखलं जातं, पण रोगमुक्त म्हणून नाही. त्यामुळे रोपवाटिकेला बारीक जाळी, शेताच्या कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणं, ही कामं चांगलं बी घेऊनही सुटत नाहीत.

त्यातच २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीवर परदेशातून आलेल्या नव्या जातीच्या फुलकिड्यांनी धुमाकूळ घातला. विषाणू सहन करणारं वाण या किडीपुढे टिकेलच असं नाही. तिच्यासाठी वेगळा जनुक शोधावा लागतो.